जन्ममृत्यूंचा हिशेब

कोष्टकांनीं भरलेल्या ग्रंथांची चर्चा वाङ्मयाच्या मासिकांत कां, असें वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, ज्या लेखनानें समाजास स्वतःकडे पाहण्याची दृष्टि दिली, त्यास वाङ्मयाच्या पंक्तींतून उठविण्याचा अधिकार कोणासच नाहीं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील लोकसंख्याशास्त्रज्ञ कुमुदिनीबाई दांडेकर यांचें लेखन या कोटींतलें आहे.

१९५३ सालीं वि. म. दांडेकर व कुमुदिनीबाई यांचा पुणें जिल्ह्यांतील जननमरणाच्या पाहणीवरील ग्रंथ संस्थेनें प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं रघुनाथ धोंडो कर्वे यांचें, १९२७ पासून चाललेलें 'समाजस्वास्थ्य' बंद पडलें. कर्व्यांनीं संततिनियमनाचा वाद हिरीरीनें मांडला. तो ज्या वस्तुस्थितीविषयीं होता, ती मोजण्याचें काम या ग्रंथानें केलें. हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. सरकारी नोंदी अपुऱ्या, म्हणून घरोघर विचारावें लागतें. आणि चार दिवस जगून गेलेलें मूल आईच्या उत्तरांत येईलच असें नाहीं. कधीं दुःखानें, कधीं 'तें काय मोजायचें' म्हणून तें राहून जातें. बालमृत्यूच्या आंकड्याचें खरेपण अशा वेळीं गणितापेक्षां प्रश्न विचारणाराच्या वागणुकीवर अधिक अवलंबून असतें.

पुढें १९५९ मध्यें सहा ग्रामीण समाजांची पाहणी, १९६३ मध्यें महाराष्ट्रांतील पुरुष-नसबंदीच्या शिबिरांवरील निबंध, आणि १९९६ मध्यें भारतांतील वृद्धांवरील ग्रंथ, असा त्यांच्या अभ्यासाचा विस्तार पाळण्यापासून काठीपर्यंत झाला.

या लेखनांत एकाही माणसाचा चेहरा दिसत नाहीं, अशी तक्रार होईल. आम्हांस ती मान्य नाहीं. करुणेचीं वाक्यें लिहिणें सोपें. आपल्या पुराव्यापलीकडे एक अक्षरही न बोलणें कठीण. तथापि दोन गोष्टींची खंत वाटते. नीळकंठ रथ यांच्यासह केलेल्या १९७१ च्या दारिद्र्यविषयक अभ्यासामुळें वि. म. दांडेकरांचें नांव सर्वतोमुखीं झालें; कुमुदिनीबाईंचें तितकें झालें नाहीं. हा दोष ग्रंथांचा नव्हे, आम्हां वाचकांचा. दुसरी खंत भाषेची. कर्व्यांचा वाद मराठींत झाला, पण त्याचा हिशेब इंग्रजींत लिहिला गेला. ज्या माउलीनें आपल्या गेलेल्या लेंकरांची संख्या परक्या माणसास सांगितली, तिच्या नातीस तरी त्या उत्तराचें पुढें काय झालें तें आपल्या भाषेंत वाचतां यावें. तेवढें ऋण मराठीच्या अभ्यासकांवर अद्यापि आहेच.