विद्यार्थ्याची परतीची वाट

मराठी गद्यातील विद्यार्थी बहुधा घर सोडून निघालेला असतो. त्याच्या अभ्यासाची हकीकत थोडी आणि वाटचालीची फार, अशी या लेखनाची जुनी रीत आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘आत्मवृत्ता’त तिचा एक आद्य नमुना सापडतो. १८७५ साली मुरुडहून साताऱ्यापर्यंत, कुंभार्ली घाट चढून, सुमारे ११० मैलांची वाट पायी तुडवून हा मुलगा परीक्षेस पोचला. आणि वय लहान दिसते एवढ्याच कारणावरून त्यास परीक्षेला बसू दिले गेले नाही. कर्वे हा प्रसंग गहिवर न आणता सांगतात. ज्या घाटाने यायचे त्याच घाटाने परतायचे, इतका सरळ हिशेब त्या निवेदनामागे आहे.

पुढे ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांनी विद्यार्थ्याला महाविद्यालयात आणून बसविले आणि त्याची पायपीट थांबविली. तिथे टेनिस आहे, सहल आहे, प्रीती आहे. खाणावळीचे बिल कोण भरतो, हा प्रश्न त्या जगात सहसा उद्भवत नाही. त्या कादंबऱ्यांविषयी इथे याहून अधिक बोलण्याचे कारण नाही.

१९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने हे बिल पुन्हा विद्यार्थ्याच्या हाती दिले. खानदेशातल्या सांगवीहून पुण्यास आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृह, मेस, स्नेहसंमेलन आणि मित्रांची उधारी यांत बापाचा पैसा व स्वतःचा उत्साह दोन्ही उधळून टाकतो, आणि अखेर गावी परत जातो. या परतण्याकडे समीक्षेने बहुधा एका पिढीच्या वैफल्याचे चिन्ह म्हणून पाहिले. ते वाचन चुकीचे नव्हे, परंतु अपुरे आहे. परत येणे ही ‘कोसला’तील केवळ शेवटची घटना नाही, ती तिच्या निवेदनाची अट आहे. पांडुरंग बोलतो तो परतून आलेला म्हणून. पुण्यातल्या वर्षांकडे तिरकस हसण्याचे जे सामर्थ्य त्याच्या भाषेत आहे, ते सांगवीच्या ओट्यावर बसल्याशिवाय त्याला लाभले नसते. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूनंतरचा अजिंठ्याचा प्रवासही याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. दुःख घेऊन हा तरुण दूरदेशी जात नाही. खानदेशाच्या वेशीवरच्या लेण्यांत जातो. त्याचे सर्वांत लांबचे भटकणेसुद्धा घराच्या हाकेच्या टप्प्यात राहते.

म्हणूनच एक रोखठोक गोष्ट नोंदविणे प्राप्त आहे. पांडुरंगाला अपयशाची ऐपत आहे. त्याच्या रित्या हातांमागे बापाची शेती उभी आहे, वाडा आहे, गावात ठरलेली जागा आहे. बापाशी त्याचे कितीही वाकडे असो, त्या वाकडेपणालाही राहण्यास घर आहे. १९८० साली आलेले लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ यापुढे ठेवले की हा फरक लख्ख दिसतो. कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडते आणि त्यातला मुलगा शाळेत जातो. त्याच्यापुरता प्रवास हाच नित्यक्रम आहे, शिक्षण हा मुक्काम. जिथे जावे ते गावच नसल्याने ‘परत जाणे’ या शब्दांना तिथे अर्थ उरत नाही. दोन्ही लेखक ग्रामीण, दोन्ही नायक शिकणारे; तरी त्यांना एका पंक्तीत बसविणारी ‘नवशिक्षित तरुण’ ही संज्ञा फार ढोबळ ठरते.

या दोहोंपैकी कोणत्याही साच्यात न बसणारे एक गाव विदर्भाच्या पूर्वेस आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार १९५५ साली झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते व नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. १९५६ साली मध्ये राज्याची सीमा आली. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले, तोवर नागपूर परराज्य झाले होते. लोहमार्ग मात्र तोच राहिला : दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगढ, गोंदिया, नागपूर. देशाच्या नाना प्रांतांतून कामगार व अभियंते आले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या वसाहतीला गावाचे नाव नसते, सेक्टरचा क्रमांक असतो. क्वार्टर नोकरीपुरते, बाप निवृत्त झाला की ते सोडावयाचे, असा कारखान्याच्या वसाहतींचा सर्वसाधारण नियम. तेव्हा अशा घरातून शिकावयास बाहेर पडलेला मुलगा पांडुरंगासारखा नापास होऊन परतलाच, तर त्याने परतावे कोठे? चार वर्षांनी त्या दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी असू शकते. आणि तरी तो उपराही नव्हे. त्याच्यापाशी शाळा होती, दवाखाना होता, महिन्याच्या महिन्यास येणारा पगार होता. त्याचे बेघरपण सुस्थितीतले आहे, आणि सुस्थितीतले बेघरपण सांगावयाचे कसे, हा कादंबरीपुढचा अवघड प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारा लेखक त्याच जिल्ह्यात होता; पण तो मराठीत लिहीत नव्हता. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते, आणि राजनांदगाव त्या काळी दुर्ग जिल्ह्यातच मोडत असे. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी; नागपूर विद्यापीठाची एम. ए. त्यांनी पस्तिशी उलटल्यावर केली. उशिरा विद्यार्थी झालेल्या माणसाला विद्येचे ओझे अधिक कळते की काय कोण जाणे. त्यांच्या ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत एक अडाणी मुलगा गुरूच्या शोधात काशीला जातो, एका ओसाड वाड्यात बारा वर्षे बाहेर न पडता शिकतो, आणि निरोपाच्या वेळी त्याला कळते की आपला गुरू ब्रह्मराक्षस आहे. मिळविलेली विद्या कोणास देता न आल्यामुळे तो तिथे अडकून पडला होता. आता ते ऋण शिष्याच्या माथी आले : योग्य माणूस शोधून विद्या सोपविल्याखेरीज त्यालाही सुटका नाही.

पांडुरंग रिता परततो. हा शिष्य भरलेला निघतो, पण त्याच्या वाटेच्या शेवटी गाव नाही, एक अनोळखी माणूस आहे. इथे शिक्षणाचा प्रवास मागे वळत नाही, दुसऱ्याकडे जातो. कथेचा अद्‌भुताचा बाज हे तिचे बळ आणि मर्यादाही. मेसचे बिल, रेल्वेचा पास, नापासाची लाज हे काहीच तिच्यात शिरू शकत नाही, आणि ‘कोसला’ची सारी श्रीमंती तर तिथेच आहे.

मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र नागपुरास राहून मराठीत लिहीत होते. ‘क्षिप्रा’ (१९५४) पासून सुरू झालेल्या त्यांच्या कादंबरीत्रयीचा नायक बिशू माळव्यातल्या मराठी घरातला. महाराष्ट्राबाहेर वाढणारा, सभोवतीची हिंदी श्वासाबरोबर घेणारा मराठी मुलगा तिथे कादंबरीचा नायक झाला आहे. परंतु त्रयीतल्या राजकीय मंथनाचीच चर्चा अधिक झाली आणि बिशूच्या या दुहेरी वाढीकडे लक्ष कमी गेले. ‘कोसला’शेजारी ‘क्षिप्रा’ ठेवून वाचण्याचे काम म्हणून अजून करण्याजोगे आहे. तसे वाचले तर सांगवी ही मराठी विद्यार्थ्याची एकमेव जन्मभूमी नव्हे, हे मराठी कादंबरीच्याच आधारे दाखविता येईल.

दरम्यान भिलाईची दिशा पालटली आहे. २०१६ साली तिच्या नावाची आय.आय.टी. निघाली, पण आरंभीची वर्षे ती रायपूरजवळच्या सेजबहार येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात भरत होती. दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथे ती पुढे गेली. पहिल्या तुकड्यांच्या पदवीवर ज्या गावाचे नाव आहे, त्या गावी त्यांचे वसतिगृह नव्हते.