रांजणवाडीला एसटी जाते का?

मराठीत छोटेखानी लेखनाची नावंच आधी खेळकर निघाली. चंद्रशेखर गोखले यांच्या 'मी माझा'मुळे घरोघर पोचलेली चारोळी म्हणजे चार ओळी, आणि बासुंदीत घालायचा दाणाही. 'वात्रट'ला नाटिका-वाटिकांचं शेपूट लागलं आणि वात्रटिका झाली. अति लघु कथेचं 'अलक' झालं. संस्कृतात अलक म्हणजे केसांची कुरळी बट. इतकं नामी नाव मिळूनही अलकांमध्ये शब्दांशी खेळ फार थोडा दिसतो. बहुतेकांचा जीव शेवटच्या ओळीतल्या धक्क्यात अडकलेला असतो.

एखादा अनवट शब्द द्यायचा आणि त्यावरून शंभरेक शब्द लिहायचे, ही रीत आता चांगली रुळली आहे. येणारं लेखन मात्र ठरलेल्या वाटांनी जातं. कुणी अर्थ सांगून मोकळं होतं: गाशा म्हणजे खोगिरावरचं कापड, म्हणून 'गाशा गुंडाळणे'. माहिती बरोबर, पण लेखन जिथे सुरू व्हायचं तिथेच थांबतं. तो गाशा कुणी, कुठल्या रात्री, कुणाला न सांगता गुंडाळला? दुसरी वाट आजीच्या माजघरात जाते. उतरंड, फडताळ, शिंकाळं आलं की डोळे पाणावतात. हे शब्द मलाही फार प्रिय आहेत. म्हणूनच ते श्राद्धाच्या पानासारखे वाढलेले बघवत नाहीत.

विंदा करंदीकरांनी 'एटू' असा कानाला नवाच लागणारा शब्द घेतला आणि मुलांसाठी 'एटू लोकांचा देश' वसवला. शब्दाला अर्थ चिकटवण्यापेक्षा त्याला राहायला जागा दिली. खेळकर लेखनाचं मर्म मला इथे दिसतं.

माझ्या धाकट्या भाचीच्या पापणीवर पुळी, म्हणजे रांजणवाडी, आली. शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला आणि विचारलं, "तिथे एसटी जाते का?" मग वहीत लिहिलं: रांजणवाडीत सगळी घरं लाल आहेत. मी रडले की पूर येतो. मी डोळा चोळला की भूकंप होतो. म्हणून तिथली माणसं मला हसवत ठेवतात.

चार-पाच वाक्यं, पण शिस्त बघा. 'वाडी' खरी मानली आणि ती पापणीवर आहे हे एकदाही विसरली नाही. पूर, भूकंप सगळं डोळ्यातूनच येतं. मोठ्यांच्या लेखनात हीच शिस्त सुटते. दुसऱ्या ओळीला शब्द बाजूला पडतो आणि जीवनविषयक चिंतन सुरू होतं.

शब्दांची वाण नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, ही केवढी सोय! पण शोधपेटीत आपण आधीच ठाऊक असलेला शब्द घालतो. पानं उलटताना रांजण बघायला गेलेल्याला जरा पुढे रांजणवाडी भेटते. लिहिणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी असं कामाविना कोशात हिंडावं.

शेकून शेकून भाचीची पुळी बसली. तिने वहीत पुढे लिहिलं: गाव उठलं. माणसं कुठे गेली ते शोधायला दुसरा डोळा रोज आरशात बघते.