'नटरंग'मधला नाच्या आणि आपले हसू

पुरुषाने मंचावर बाईचे हावभाव केले की आपला समाज त्या सोंगाला टाळ्या देतो आणि त्या माणसाला टोमणे. रवी जाधव यांचा 'नटरंग' (२०१०) या दुटप्पीपणावर नेमके बोट ठेवतो. आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटातला गुणा कागलकर शेतमजूर आहे. अंगाने पैलवान, मनात राजाची भूमिका. फडाला नाच्या हवा असतो, कोणी तयार होत नाही. अखेर गुणाच उभा राहतो. अतुल कुलकर्णी यांनी पिळदार शरीर उतरवून कमावलेली ती लवचीक चाल हे या चित्रपटाचे खरे धन.

विठ्ठलवाडीत आम्ही काही मित्रांनी तो पुन्हा पाहिला. नाच्याने कंबर लचकवली तेव्हा हशा पिकला. पुढे त्याच्यावर अत्याचार होतो, तेव्हा सारे गप्प. हसण्यापासून अत्याचारापर्यंतची वाट एकच आहे, हे दिग्दर्शक भाषण न देता दाखवतो.

तरी आमची तक्रार आहे. गुणा 'खरा पुरुष' आहे, पैलवान आहे, बायको-मुलाचा धनी आहे, अशी ग्वाही चित्रपट सतत देत राहतो. जणू तो तसा नसता तर त्याची विटंबना रास्त ठरली असती! १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये ग्लॅम रॉकचे गायक चेहरा रंगवून, चमचमते कपडे घालून गात. त्या काळावर टॉड हेन्स यांनी १९९८मध्ये 'वेल्वेट गोल्डमाइन' हा चित्रपट काढला. त्यातला ब्रायन स्लेड हा काल्पनिक गायक स्वार्थी आहे, चाहत्यांना फसवणारा आहे. पण पुरुषत्वाचा दाखला दिग्दर्शक त्याच्याकडे मागत नाही.

ही मोकळीक आपल्याला परकी नाही. शिकलगार घरातले मुसलमान शाहीर सगनभाऊ पेशवाईत लावण्या रचत होते. लावणीत बहुधा बोलते ती स्त्री, रचतो तो पुरुष. लखनौच्या रेख्तीतही उर्दू शायर बाईच्या बोलीत लिहीत. शब्दांतले हे सोंग आपण वारसा म्हणून मिरवतो. तेच अंगावर घेणाऱ्याला मात्र हिणवतो. तमाशापटांत नाच्या साकारणारे गणपत पाटील २००८मध्ये गेले. ती भूमिका त्यांना पडद्याबाहेरही आयुष्यभर चिकटली.

'नटरंग' अखेरीस गुणाला मानसन्मान देतो. प्रेक्षक समाधानाने उठतो. पण जो पैलवान नाही, ज्याला बायको-पोरे नाहीत, जो मंचावरून उतरल्यावरही तसाच चालतो, त्याला हा सन्मान आपण देऊ का? चित्रपट जिथे थांबतो, तिथून हा प्रश्न आपल्यावर येतो.