कल्पना कोणाची, पटकथा कोणाची?

चित्रपटाची कल्पना सुचणे आणि चित्रपट लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व म्हणून सगळेच मान्य करतात. व्यवहारात ते फारसे कोणी पाळत नाही. गेल्या काही वर्षांत डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक, निवृत्त अधिकारी अशा अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : ‘माझ्याकडे एक जबरदस्त कल्पना आहे, लिहून देणारा कोणी माहीत आहे का?’ या प्रश्नातला ‘लिहून देणारा’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. लेखक नको आहे, लिहून देणारा हवा आहे. गोष्ट तयार आहे, फक्त ती कागदावर उतरवायची राहिली आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कितपत खरे आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे काही उदाहरणांच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

आपल्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद या तीन ओळी वेगवेगळ्या येतात. मराठी प्रेक्षकाला त्या इतक्या सवयीच्या झाल्या आहेत की त्यांमागचा विचार त्याच्या ध्यानात येत नाही. घटना कोणत्या, हे कथा सांगते. त्या कोणत्या क्रमाने, कोणाच्या नजरेतून आणि किती दाखवायच्या, हे पटकथा ठरवते. माणसे काय बोलतील, हे संवादात येते. कल्पना यांपैकी कशातच बसत नाही. ‘एका गावात सहकारी दूधसंस्था उभी राहते’ ही कल्पना झाली. तिच्यात अजून माणूस नाही, विरोध नाही, शेवटही नाही.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’च्या (१९७६) कथेचे श्रेय डॉ. वर्गीस कुरियन आणि बेनेगल यांच्या नावावर आहे, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि संवाद कैफी आझमींचे. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन निर्मितीचा खर्च उचलला, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे कल्पना एका चळवळीची आणि पैसाही त्याच चळवळीचा. अशा वेळी पटकथाकाराकडून प्रचारपटाची अपेक्षा ठेवली असती तर कोणाला नवल वाटले नसते.

पडद्यावर काय दिसते? डॉ. राव हा पशुवैद्य गावात येतो. खासगी डेअरीचा मालक मिश्रा त्याचा शत्रू असणार, हे कल्पनेतच गृहीत होते. खरी गुंतागुंत पुढे आहे. सरपंचाला सोसायटी हवी आहे, पण ती स्वतःच्या हातात राहणार असेल तरच. निवडणुकीत दलितांचा उमेदवार जिंकतो आणि सहकाराचा प्रश्न पाहता पाहता जातीचा प्रश्न होतो. रावचा सहकारी चंदावरकर वस्तीतल्या मुलीशी संबंध ठेवतो आणि शहरी सुधारकाची नैतिकता उघडी पडते. बिंदू आणि राव यांच्यात एक न उच्चारलेली ओढ आहे, आणि त्याच बिंदूच्या अंगठ्याचा वापर रावविरुद्धच्या खोट्या तक्रारीसाठी होतो. शेवटी राव गाव सोडून जातो आणि संस्था भोला पुढे नेतो.

बाहेरून आलेल्या उद्धारकाला निघून जावे लागते, तेव्हाच काम गावाचे होते. सहकाराच्या यशाची कल्पना घेऊन आलेल्या माणसाला हा शेवट सहजी सुचेल असे मला वाटत नाही. तो सुचण्यासाठी कल्पनेवर प्रेम न करणारा, तिला उलटे प्रश्न विचारणारा कोणीतरी लागतो. ‘घाशीराम कोतवाल’ आणि ‘सखाराम बाइंडर’ लिहिलेल्या नाटककाराला बोलावले की तो सत्ता आणि देह हे दोन्ही विषय बरोबर घेऊनच येणार. तेंडुलकरांना या पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चळवळीचेही त्यात काही हरवले नाही. उलट, प्रचारपट केव्हाच विस्मरणात गेला असता; ‘मंथन’ची प्रत पुनरुज्जीवित होऊन २०२४ मध्ये कानच्या महोत्सवात दाखवली गेली.

दुसरे उदाहरण ‘अर्धसत्य’चे (१९८३). श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, तेंडुलकरांची पटकथा, वसंत देव यांचे संवाद. त्या वर्षी फिल्मफेअरचा कथेचा पुरस्कार पानवलकरांना आणि पटकथेचा तेंडुलकरांना मिळाला. एकाच चित्रपटासाठी दोन मराठी लेखकांना दोन वेगळ्या कामांचा मान मिळाला आणि त्यामुळे कोणीही लहान झाले नाही. श्रेयाच्या वाटणीचा याहून स्वच्छ नमुना मला ठाऊक नाही.

याच्या अगदी उलट टोकाला घोस्ट रायटर उभा आहे. त्याला पैसे मिळतात, नाव मिळत नाही. या व्यवस्थेच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दाखला डाल्टन ट्रंबो यांचा. हॉलिवूडच्या काळ्या यादीत असताना त्यांनी ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) लिहिला. पडद्यावर नाव आले इयन मॅक्लेलन हंटर या मित्राचे, आणि कथेचे ऑस्करही त्यालाच मिळाले. चित्रपट तर उत्तम झाला; मग नाव नसल्याने काय बिघडले, असा हा युक्तिवाद आहे. तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण ट्रंबो तेव्हा नवखे नव्हते. नाव झाकावे लागले तरी कामावरची त्यांची हुकमत शाबूत होती. मित्राने नाव दिले ते त्यांचे लेखन वाचवण्यासाठी, गिळण्यासाठी नव्हे. शिवाय ती चूक सुधारायला किती काळ लागला पाहा. ट्रंबो १९७६ मध्ये वारले, ऑस्कर त्यांच्या नावे १९९३ मध्ये दिले गेले आणि लेखक संघटनेने पटकथेचे श्रेय २०११ मध्ये बहाल केले.

आपल्याकडच्या नवख्या मुलाची स्थिती निराळी असते. तो एखाद्या भाड्याच्या खोलीत तीन-चार ड्राफ्ट लिहितो. कल्पनेचा मालक म्हणतो, ‘नायक शेवटी जिंकलाच पाहिजे.’ ते चूक आहे हे मुलाला कळते, पण वाद घालून त्याला मिळणार काय? नाव त्याचे नाही, चित्रपट पडला तर अपयशही त्याचे नाही. तो मान डोलावतो आणि पुढचा हप्ता घेतो. निनावीपणात लेखकावर अन्याय होतो, हे आपण नेहमी बोलतो. माझा मुद्दा थोडा पुढचा आहे : निनावीपणात कल्पनेच्या मालकाचेही नुकसान होते, कारण त्याला विरोध करणारा एकमेव माणूस त्याने पैसे देऊन गप्प केलेला असतो.

कायदा येथे दोन्ही बाजूंना शहाणे करतो. आर. जी. आनंद यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केले की कल्पना, विषय किंवा कथानक यांवर कॉपीराइट नसतो. तो असतो त्यांच्या मांडणीवर. म्हणून नुसती तोंडी सांगितलेली ‘वन लाइन’ फारशी सुरक्षित नसते. चार पाने का होईना, ती लिहून काढली, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवली, तर निदान तारखेचा पुरावा राहतो. विश्वासाने सांगितलेल्या संकल्पनेला गोपनीयतेचे संरक्षण मिळू शकते, हेही मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स आणि सनडायल यांच्या प्रकरणात मान्य केले आहे.

दुसरी बाजू कल्पनेच्या मालकांना सहसा ठाऊक नसते. मानधन दिले म्हणजे संहिता आपली झाली, असे नाही. १९५७च्या कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणारा लेखकच आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो. हक्क द्यायचे तर लेखी, सहीनिशी करार लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही आपले लेखकपण सांगण्याचा अधिकार लेखकाकडे उरतो. मन्नू भंडारींनी ‘आपका बंटी’च्या चित्रपट रूपांतराविरुद्ध दाद मागितली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये याच कलमाला बळ दिले. २०१२च्या दुरुस्तीने तर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठीच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा सोडून देता येत नाही, अशी तरतूद केली.

मराठीत या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वीपासून तयार आहे, असे मला वाटते. आपल्या आत्मचरित्रांच्या पहिल्या पानावर ‘शब्दांकन’ हा शब्द असतो. आयुष्य एकाचे आणि वाक्ये दुसऱ्याची, हे तो शब्द न लाजता सांगतो. त्यामुळे आयुष्य जगलेल्याचा मान कमी झाल्याचे मी ऐकलेले नाही. तीच रीत चित्रपटात आणायला अडचण कोणती? ‘मूळ कल्पना’ अशी एक ओळ स्वतःसाठी घ्यावी. आराखडा लिहिला असेल तर ‘कथा’ किंवा ‘कथासूत्र’ म्हणावे. ‘पटकथा’ मात्र ज्याने लिहिली त्याच्याच नावावर असावी. मानधनाचे टप्पे, ड्राफ्टची संख्या आणि श्रेयाची ओळ या तीन गोष्टी पहिल्या बैठकीनंतरच कागदावर आणाव्यात. चित्रपट चालल्यावर श्रेयाची वाटणी करायला बसले की मने फाटतात.

मला प्रश्न विचारणाऱ्यांना मी आता एक प्रतिप्रश्न करतो : तुमच्या कल्पनेत काय खोटे आहे, हे सांगणारा माणूस तुम्हाला चालेल का? चालणार असेल तर तुम्हाला पटकथाकार हवा आहे. मग त्याला पुरेसे मानधन द्या, त्याचे नाव पडद्यावर आणा आणि त्याचे ऐका. चालणार नसेल तर टंकलेखक पुरेसा आहे, तो बराच स्वस्त पडतो. फक्त त्यातून निघालेल्या कागदांना पटकथा म्हणू नये.