ऑक्टेव्ह शनूट : एका उदार इतिहासकाराचें मूल्यमापन

मनुष्य निवर्तल्यावर त्याच्याविषयीं चांगलें तेवढेंच बोलावें, हा लोकाचार आहे; आणि खरें तेवढेंच बोलावें, हा इतिहासाचा आचार आहे. हे दोन्ही आचार एकाच लेखांत पाळणें फार थोड्यांना साधतें. उड्डाणविद्येचे पहिले थोर इतिहासकार ऑक्टेव्ह शनूट हे २३ नोव्हेंबर १९१० रोजीं शिकागो येथें निवर्तले. पुढील जानेवारींत 'एअरोनॉटिक्स' या अमेरिकन मासिकांत त्यांच्यावर एक छोटा मृत्युलेख प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे गृहस्थ विल्बर राइट होते. म्हणजे ज्यांचें शनूट यांच्याशीं असलेलें दहा वर्षांचें सख्य त्याच १९१० च्या आरंभीं तुटण्याच्या बेतास आलें होतें, तेच. शनूट जन्मास आले नसते तर उड्डाणविद्येच्या प्रगतीचा सगळा इतिहास निराळा झाला असता, अशा आशयाचें विधान विल्बर यांनीं या लेखांत केलें आहे. हा केवळ मरणोत्तर शिष्टाचार, कीं साक्षीदाराची जबानी? या प्रश्नाचा कागदांवरून निर्णय करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शनूट हे पेशानें इतिहासकार नव्हते. त्यांचा जन्म १८३२ सालीं पॅरिस येथें झाला. बालपणींच ते वडिलांबरोबर अमेरिकेंत आले आणि रेल्वेच्या कामावर अनुभवानें शिकत शिकत नामांकित इंजिनियर झाले. मिसूरी नदीवरील पहिला कायम पूल १८६९ सालीं कॅन्सस सिटी येथें खुला झाला, तो त्यांच्याच देखरेखीखालीं बांधलेला होता. १८९१ सालीं ते अमेरिकेंतील सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेचे अध्यक्ष होते. ज्या काळीं माणसानें उडण्याची गोष्ट काढणारा हंशास पात्र होई, त्या काळीं या प्रतिष्ठित गृहस्थांनीं आपला लौकिक पणास लावून 'रेलरोड अँड इंजिनियरिंग जर्नल' या पत्रांत उड्डाणयंत्रांवर सत्तावीस लेख लिहिले. ते १८९४ सालीं 'प्रोग्रेस इन फ्लाइंग मशीन्स' या नांवानें ग्रंथरूपानें निघाले.

इतिहासग्रंथ या नात्यानें या पुस्तकाची परीक्षा केली असतां त्याचा पहिला गुण असा दिसतो कीं तें अपयशाचा इतिहास आहे आणि तसें असल्याची त्याला लाज वाटत नाहीं. यशस्वी विमान तेव्हां कोणापाशींच नव्हतें. शनूट यांनीं यूरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील प्रयोगांची माहिती पत्रें धाडून जमविली. प्रत्येक यंत्राच्या पंखांचें क्षेत्रफळ, वजन आणि शक्ति हीं मिळतील तितकीं नोंदलीं. आणि यंत्र कां पडलें याचें कारण आपल्या परीनें सांगितलें. एकदां फसलेली युक्ति दुसऱ्यानें पुन्हां नव्यानें करून पैसा व आयुष्य दवडूं नये, हा आपला एक उद्देश त्यांनीं आरंभींच नमूद केला आहे. शेवटीं सगळ्या प्रश्नाचे दहा पोटभाग पाडून, त्यांत तोल राखण्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. तो पुढें खरा ठरला.

ग्रंथांत दोषहि आहेत. पंख, वर उचलणारे पंखे, स्थिर पृष्ठभागांचीं विमानें अशी यंत्रांच्या जातींवरून मांडणी केल्यामुळें कालानुक्रम तुटतो, आणि एक कल्पना एका माणसाकडून दुसऱ्याकडे कशी गेली हें वाचकाला स्वतः जुळवावें लागतें. याहून मोठा दोष विचाराचा आहे. तोल यंत्रानें आपोआप सांवरावा, असा शनूट यांचा कल होता. चालविणाऱ्यानें तो क्षणोक्षणीं स्वतः राखावा, ही कल्पना त्यांच्या मनांत कधीं नीटशी रुजली नाहीं. ही उणीव पुढें त्यांच्या औदार्यासहि बाधक झाली, म्हणून तिचा येथें निर्देश केला.

त्यांचें औदार्य मात्र केवळ पुस्तकी नव्हतें. कैरो येथें राहणारे फ्रेंच निरीक्षक मूयार यांस त्यांनीं पैशाची मदत केली. १८९६ सालीं, चौसष्टाव्या वर्षीं, मिशिगन सरोवराच्या कांठच्या वाळूच्या टेकड्यांवर त्यांनीं तरुण साहाय्यकांकरवीं बिनइंजिनी ग्लायडरांचे प्रयोग केले. त्यांतील दोन पंखी ग्लायडराला पुलाच्या कैचीची रचना लावलेली होती, आणि तो साडेतीनशें फुटांहून थोडा अधिक तरंगला. ही रचना त्यांनीं छापून सर्वांपुढें ठेविली. राइट बंधूंनीं आपल्या यंत्रांचा सांगाडा याच धर्तीवर उभारला.

विल्बर राइट यांनीं १८९९ सालीं स्मिथसोनियन संस्थेकडे वाचनाकरितां पुस्तकांची विचारणा केली, तेव्हां उत्तरांत शनूट यांच्या ग्रंथाचें नांव आलें. १३ मे १९०० रोजीं त्यांनीं शनूट यांस पहिलें पत्र लिहिलें, आणि तेथून दोघांमध्यें शेंकडों पत्रें झालीं. १९०१ च्या उन्हाळ्यांत प्रयोग फसून विल्बर निराश झाले असतां शनूट यांनीं त्यांना धीर दिला, आणि १८ सप्टेंबर रोजीं शिकागोच्या इंजिनियरांपुढें व्याख्यान देण्यास बोलाविलें. त्यानंतरच्या महिन्यांत राइट बंधूंनीं स्वतःचा वातबोगदा करून पंखांचे आंकडे नव्यानें काढले. कार्नेगी यांस पैशाकरितां लिहूं काय, असेंहि शनूट यांनीं विचारलें. विल्बर यांनीं तें नाकारलें. सारांश, शनूट यांनीं उत्तेजन, माहिती, ओळखी आणि व्यासपीठ दिलें. पैसा देऊं केला, पण तो घेतला गेला नाहीं. आणि पंख पिळून तोल राखण्याची राइट यांची मुख्य कल्पना त्यांची नव्हती. या हिशेबांतील एकहि रक्कम इकडची तिकडे करतां येत नाहीं.

नेमका याच हिशेबावरून तंटा झाला. एप्रिल १९०३ मध्यें शनूट यांनीं पॅरिस येथील एअरो क्लबांत भाषण करून राइट यांच्या ग्लायडराचें वर्णन केलें, आणि पुढें त्याच्या आकृत्याहि तिकडे छापल्या गेल्या. फ्रान्समध्यें मरगळलेली उड्डाणविद्या त्यामुळें जागी झाली. परंतु जें शनूट यांना स्वतःलाच पुरतें उमगलें नव्हतें तें त्यांना दुसऱ्यास देतां आलें नाहीं. पंख पिळणें आणि मागचें सुकाणूं यांची सांगड कां घालावयाची, हें मर्म त्या वर्णनांत उतरलें नाहीं. आणि त्याबरहुकूम केलेले फ्रेंच ग्लायडर फसले. शिवाय राइट बंधु हे शनूट यांचे शिष्य आहेत व त्यांच्या पैशावर काम करतात, असा समज तिकडे पसरला. हा समज आपणांस अनेक वर्षें बोंचत होता, असें विल्बर यांनीं जानेवारी १९१० मध्यें स्पष्टपणें लिहिलें. शनूट यांचेंहि गाऱ्हाणें होतें. विल्बर यांच्या एका भाषणावरून, शनूट हे आपण होऊनच त्यांच्या दारीं आले, असें भासत होतें. आणि राइट यांनीं पेटंटासाठीं लावलेले खटले ही द्रव्यलोभानें झालेली बुद्धीची वांकडी चाल आहे, असें शनूट यांस वाटे.

या वादांत कोण खरा? राइट बंधूंचे कागद १९५३ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झाले, आणि शनूट यांच्याशीं झालेला पत्रव्यवहार त्यांत समाविष्ट असल्यामुळें याचें उत्तर देतां येतें. प्रथम कोणी लिहिलें, या मुद्द्यावर शनूट खरे आहेत. १३ मे १९०० चें पत्रच तें सांगतें. शिष्यत्व आणि पैसा यांबाबत विल्बर खरे आहेत. पेटंटाच्या प्रश्नावर दोघांचे धर्मच वेगळे होते. ज्ञान हें वाटल्यानें वाढतें, असें मानणाऱ्या संग्राहकाला पेटंट ही कुंपणाची भिंत वाटली. आणि ज्यानें स्वतः कोडें सोडविलें त्याला तोच आपल्या श्रमाचा न्याय वाटला. येथें एकाला गुन्हेगार ठरविण्याचें कारण नाहीं. त्याच वर्षीं एप्रिलअखेर विल्बर यांनीं समेटाचें पत्र लिहिलें आणि मे महिन्यांत शनूट यांनीं त्यास सौम्य उत्तर धाडलें. पुढें भेट होण्यापूर्वींच शनूट गेले. विल्बर त्यांच्या अंत्यविधीकरितां शिकागोस गेले.

आतां तो मृत्युलेख पुन्हां वाचावा. इतिहास निराळा झाला असता, या विधानाला विल्बर यांनीं दोन कारणें दिलीं आहेत : शनूट यांनीं राइट बंधूंना प्रयोग चालू ठेवण्यास उत्तेजन दिलें, आणि त्यांच्या १९०३ च्या फ्रान्सवारीमुळें तेथील मंडळी पुन्हां उड्डाणाच्या उद्योगास लागली. ज्या पॅरिसच्या फेरीनें विल्बर यांच्या मनांत सल राहिला, ज्या फेरीमुळें त्यांचे प्रतिस्पर्धी निर्माण झाले, तीच त्यांनीं श्रेयाच्या बाजूस मांडली. साक्षीदार स्वतःच्या हिताविरुद्ध जें सांगतो त्याचें मोल अधिक, हा आपल्या शास्त्राचा नियम आहे. त्या नियमानें ही जबानी ग्राह्य ठरते. दुसरें असें कीं विल्बर यांनीं उत्तेजनाचें श्रेय दिलें, गुरुत्वाचें दिलें नाहीं. कागद जेथपर्यंत नेतात तेथपर्यंतच ते गेले. भांडणाचा उल्लेख त्यांनीं टाळला, हा लोकाचार. श्रेयाची सीमा ओलांडली नाहीं, हा इतिहासाचा आचार. दोन्ही पाळले गेले.

शनूट गेले त्याच १९१० सालीं, ७ जुलै रोजीं, पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. त्यापूर्वीं बारा वर्षें, १८९८ मध्यें, राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला होता. दोन्ही ठिकाणच्या उद्योगांत श्रद्धा एकच होती : कागद पेटींत राहिला तर तो एकाचाहि नाहीं, आणि छापला तर सर्वांचा. दप्तरांवर बसून राहणाऱ्यांचा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. म्हणून शनूट यांचें उदाहरण त्यांना जवळचें वाटेल. परंतु त्यांतील इशाराहि ध्यानीं घ्यावा. दुसऱ्याचा शोध लोकांस सांगतांना तो कोणाचा हें ठासून सांगावें, आणि त्याचें मर्म आपणांस कळलें आहे कीं नाहीं याची आधीं खातरी करावी. नाहीं तर औदार्यानें दिलेली देणगीहि देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि मूळ धन्याला, अशी तिघांनाहि जड होते.

शनूट आपण लिहिलेल्या पत्रांच्या नकला ठेवीत असत. त्यांत त्यांच्या बाजूचीं पत्रें आहेत, तशींच त्यांच्या विरुद्ध जाणारींहि आहेत. त्यांच्या चुका आज आम्ही दाखवूं शकतों, त्यास पुष्कळ अंशीं हेंच कारण आहे. इतिहासकारानें आपल्या मागें याहून उदार असें कांहीं ठेवावें, अशी अपेक्षा करतां येत नाहीं.