आन्नेन्स्कीची नाटके : भाषांतरकाराने लिहिलेली शोकांतिका

इन्नोकेन्ती आन्नेन्स्की हा रशियन कवी पेशाने ग्रीक-लॅटिनचा शिक्षक. सेंट पीटर्सबर्गजवळच्या त्सार्स्कोये सेलो येथील शाळेचा तो १८९६ पासून दहा वर्षे मुख्याध्यापक होता. पुढे प्रसिद्ध झालेला कवी गुमिल्योव तिथलाच विद्यार्थी. युरिपिडीसची नाटके रशियनमध्ये आणण्याचे काम आन्नेन्स्कीने वर्षानुवर्षे केले. त्यांचा पहिला खंड १९०६ मध्ये निघाला.

त्याने स्वतः चार शोकांतिका लिहिल्या. विषय निवडले ते असे, की ज्यांवरची प्राचीन ग्रीक नाटके हरवली आहेत. ‘मेलानिप्पा’ (१९०१), ‘राजा इक्सिऑन’ (१९०२) आणि ‘लाओडामिया’ (१९०६) यांच्यामागे युरिपिडीसची लुप्त नाटके आहेत, तर ‘थामिरा’मागे सॉफोक्लीसचे. मी अभियांत्रिकी शिकवतो. यंत्रातला गहाळ भाग उरलेल्या भागांच्या मापांवरून बनवता येतो. नाटकाचे तसे होत नाही. पहिल्या तीन नाटकांत मात्र असे माप घेणे जाणवते. कथा नीट बसते, पण पात्रांपेक्षा अभ्यासकच जास्त बोलतो, असे माझे मत आहे.

‘थामिरा’ची गोष्ट वेगळी. मूळ दंतकथेत हा गर्विष्ठ वादक कलादेवतांना आव्हान देतो, हरतो आणि शिक्षा म्हणून दृष्टी व कला दोन्ही गमावतो. आन्नेन्स्कीचा थामिरा देवतेचे वादन ऐकतो आणि स्पर्धेतूनच माघार घेतो. ते ऐकल्यावर त्याला स्वतःचे संगीत आठवेनासे होते. डोळेही तो आपल्याच हाताने, निखाऱ्याने जाळून घेतो. शिक्षा बाहेरून येत नाही, हा बदल विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा.

थोर आवाज ऐकून स्वतःचा गमावणे ही भीती भाषांतरकाराइतकी कोणाला असणार? आन्नेन्स्कीचा पहिला कवितासंग्रह १९०४ मध्ये आला, तेव्हा तो पन्नाशीकडे झुकला होता. त्यात स्वतःच्या कवितांबरोबर फ्रेंच कवींची भाषांतरे होती आणि कवीचे नाव होते ‘निक. त-ओ’. सलग वाचल्यास रशियनमध्ये त्याचा अर्थ होतो ‘कोणी नाही’. एकाक्ष राक्षसाला ओडिसियसने सांगितलेले नाव हेच.

१९०९ मध्ये पीटर्सबर्गच्या रेल्वे स्थानकाच्या पायऱ्यांवर हृदयविकाराने तो गेला. ‘थामिरा’ छापले गेले १९१३ मध्ये. ताइरोवने मॉस्कोच्या कामेर्नी थिएटरमध्ये ते १९१६ साली रंगमंचावर आणले.