मार्ग, सुई आणि विषाणू : एका संशोधनलेखाचे पुनर्वाचन

प्रास्ताविक :
वैज्ञानिक लेखातही रूपके असतात आणि ती शासकीय धोरणांना दिशा देतात. या दृष्टीने ख्रिस बायरर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘एड्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखाचा येथे परामर्श घेतला आहे. दक्षिण व आग्नेय आशियातील हेरॉइनच्या वाहतुकीचे खुष्कीचे मार्ग आणि एच.आय.व्ही.-१ चा प्रसार यांचा संबंध हा त्या लेखाचा विषय होय.

लेखाचे सामर्थ्य :
अमली पदार्थांच्या व्यापाराचा नकाशा आणि विषाणूच्या जनुकीय उपप्रकारांचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहणे, ही या लेखाची मौलिक कामगिरी आहे. म्यानमारहून युन्नान, शिनजियांग, ग्वांगशी आणि मणिपूर यांच्याकडे जाणाऱ्या मार्गांचा त्यात विचार केलेला आहे. भारतात सर्वत्र ‘सी’ उपप्रकाराचे प्राबल्य असताना मणिपुरात इंजेक्शनद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये थायलंडकडील ‘बी’ उपप्रकारही आढळतो. सीमेपलीकडील संबंधांची ही जनुकीय साक्ष नाकारता येत नाही. एकट्या देशाचे प्रयत्न अपुरे पडतील, हा लेखकांचा इशाराही रास्तच आहे.

मर्यादा :
तथापि, ‘मार्ग’ या शब्दाने एक दिशाभूल होते. विषाणू हेरॉइनच्या पुडीतून प्रवास करीत नाही. तो एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात, सामायिक सुई-सिरिंजमधून जातो. मणिपुरात सप्टेंबर १९८९ पर्यंत या गटातील चाचण्यांत संसर्ग आढळला नव्हता. पुढील सहा महिन्यांत त्याचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवर गेले. हा वेग केवळ रस्त्याने स्पष्ट होत नाही. तो सुयांच्या टंचाईने, पोलिसांच्या भीतीने आणि घाईघाईने आडोशाला घेतलेल्या इंजेक्शनने स्पष्ट होतो.

दुसरा मुद्दा पुनर्संयोगाचा. ‘बी’ आणि ‘सी’ यांच्या मिश्रणातून नवा विषाणू घडण्यासाठी एकाच पेशीत दोन्ही विषाणू यावे लागतात. म्हणजेच कोणातरी एका व्यक्तीला दोन्ही विषाणूंचा संसर्ग व्हावा लागतो. म्हणून असा संकरित विषाणू म्हणजे आरोग्यव्यवस्थेच्या दुहेरी अपयशाची नोंद होय. ती मात्र व्यसनी माणसाच्या चारित्र्याची नोंद म्हणून वाचली जाते. शिवाय पुनर्संयोग ही केवळ सीमाभागाची बाब नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, पुण्यातील बाधितांच्या विषाणूंच्या संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासातही त्याचा पुरावा मिळाला होता. तरीही संशयाची बोट मोऱ्हे-इंफाळ रस्त्याकडेच वळते.

तिसरी मर्यादा पद्धतीची आहे. जनुकीय वंशवृक्ष नमुन्यांमधील जवळीक दाखवितो; कोणी कोणाला संसर्ग दिला, हे तो एकटा सिद्ध करू शकत नाही. हा विवेक सुटल्यास प्रयोगशाळेतील आलेख पोलिसांच्या तक्त्यासारखा वापरला जाण्याचा धोका संभवतो.

रूपकाचे परिणाम :
रोगाचे कारण रस्ता मानला, तर उपाय म्हणून नाके उभे राहतात. कारण सामायिक सुई मानली, तर निर्जंतुक सुया द्याव्या लागतात. मणिपूरने १९९६ सालीच आपल्या राज्य एड्स धोरणात हानी कमी करण्याचा मार्ग स्वीकारला होता. पुढे एच.आय.व्ही. आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ ने जोखीम कमी करणाऱ्या अशा उपायांना कायद्याचे संरक्षण दिले. हा अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. दरम्यान किती तरुण गेले, हा प्रश्न उरतोच.

समारोप :
बायरर आदींच्या लेखाचे ऐतिहासिक मूल्य यामुळे उणावत नाही. परंतु विषाणूच्या जनुकांत लिहिलेला इतिहास हा व्यापाराचा जितका, तितकाच माणसांना वाऱ्यावर सोडल्याचाही आहे. जनुकीय वैविध्याच्या अभ्यासकाने नकाशावरील रेषेइतकेच त्या रेषेवर जगणाऱ्या माणसाचेही वाचन करावे, एवढीच अपेक्षा.